मुक्या शिट्टीची साक्ष

अण्णा, तुला समाधीच्या मातीत बसवून आज पाच दिवस झाले आणि माझा राग आजून उभाच हाय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. ज्यांना बोलायचं ते बोलायलेत. तुझ्या दारात रीघ लागलीय, हुमनाबादेकडली माणसं येऊन 'देवमाणूस हुता' म्हणून डोळे पुसायलेत. मी तुझी पाठची भैन, मला तसं म्हणवंना. म्हणून तुझ्याच वहीतली कोरी पानं फाडून आणलीत, ज्या वहीत तू शिकारखान्यातल्या कुत्र्यांची औषधं लिहायचास. अक्षरं तूच शिकवलीस मला, हुलसूरला, कोळशानं भिंतीवर. तर घे, वाच आता.

तुझी शिट्टी माझ्याजवळ हाय. जंगम अय्या मंत्र म्हणायले हुते, वहिनी बेलपानं आन् इभूतीच्या गोळ्यांसंगं ती शिट्टी तुझ्या मांडीवर ठेवायली हुती, मी हिसकून घेतली. लोकांनी 'काय बाई तरी' म्हणून बघितलं. बघू दे. तू गेलास, सुटलास. शिट्टीला मी सुटू देणार न्हाई.

अव्वा गेली आन् आपण आईविना झालो तेव्हा मी पाच वर्षांची हुते, तू चौदाचा. तू मला खांद्यावर घेऊन फिरलास, माझ्या वेण्या घातल्यास, वाकड्या का असंनात. जहागीरदाराच्या शिकारखान्यात तुला कुत्र्यांची नोकरी लागली तेव्हा तू पहिली गोष्ट काय केलीस? माझं लग्न जवळच्या गावात, निर्ण्यात जमवलंस, भैन डोळ्यांसमोर राहावी म्हणून. हे सगळं मला आठवतंय. विसरले असते तर बरं झालं असतं, तुला शिव्या घालायला सोपं गेलं असतं.

शिट्टी आली ती एका गोऱ्या पाव्हण्यामुळं. शिकारीला आलता, तुझ्या हातची कुत्री बघून खूश झाला आन् जाताना ती तुला देऊन गेला. बोटाएवढी पितळी नळी, शेपटाला एक पेच, पेचावर बारीक रेघा. पेच आवळत गेलं की शिट्टीचा आवाज बारीक बारीक व्हायचा आन् एका रेघेला पार बंद. तू गाल फुगवून फुंकायचास, आम्हाला नुसती हवा. पण शिकारखान्यातली अठरा कुत्री कान टवकारून एकदम उठायची. आमचे मालक म्हणाले, "काय जादू केलास रे मेहुण्या?" तू म्हणालास, "जादू न्हाई दाजी. आवाज हायच की. तो कुठं गेला न्हाई. तुमचा कान तिथवर जात न्हाई."

किती मिरवलीस ती शिट्टी! आमच्या अंगणात समद्यांना ओळीनं बसवलंस. पोरांना तिसऱ्या रेघेपर्यंत ऐकू यायचं, मला न् मालकाला दुसऱ्या, मामंजी तर पहिल्याच रेघेला म्हणाले, "फुंक की, कामून थांबलास?" आन् तू तर कवाधरनं फुंकायला हुतास. सासूबाई चिडल्या, त्यांना वाटलं त्यांची थट्टा करायलास. मग तू दिवेलागणीला त्यांना वर आभाळात पाकोळ्या, ती बारकी वटवाघळं, दाखवल्यास. म्हणालास, "या वरडायल्यात बघा, लई जोरात. लहानपणी तुम्हाला ऐकू यायचं, आता न्हाई." सासूबाई बराच वेळ मान वर करून उभ्या हुत्या. म्हणाल्या, "व्हय रे, लहानपणी यायचं खरं."

त्या पाव्हण्यानं तुला आणिक काय काय सांगितलं हुतं. शिकारीत हाकारा न घालता कुत्री परत बोलावता येतात. डाक्तर लोक असल्याच शिट्टीनं कानाची परीक्षा घेतात. समुद्रातल्या जहाजाच्या बुडातून असला आवाज पाण्यात सोडतात, तो तळाला आपटून परत येतोय, मग पाणी किती खोल ते कळतंय. हे सांगताना तुझे डोळे चमकायचे. समुद्र तू बघितला न्हाईस, मी बी न्हाई. मला तवा वाटायचं, माझा भाऊ निजामाच्या राज्यात सगळ्यात शहाणा हाय. तिथंच माझं चुकलं.

बसू तीन वर्षांची झाली तरी बोलंना. हाक मारली तर वळंना. भांडं पडून, कुणी पाय आपटून भुई हादरली तर वळायची. सासूबाईंनी नवस केले, जिभेला वेखंड लावलं. मग घरात कुजबूज सुरू झाली आन् एक दिवस मालकानं माझ्यासमोर सांगितलं, "पोरगी ठार बहिरी निघाली तर खोट हिच्या कुशीत हाय. पोरगा झाला तर तोबी तसलाच व्हईल. मी दुसरी करून आणतो." चिंचोळीची एक पोरगी बघून बी ठेवली हुती. मामंजी म्हणाले, "घाई नको. मेव्हण्याला बोलवा. त्याच्याकडं कानाची परीक्षा घ्यायचं साहेबाचं यंत्र हाय. तो सांगंल ते खरं."

आन् तू आलास. संगं कारवानी जातीच्या कुत्रीचं एक पिल्लू घेऊन आलास, पांढरट, एका पायानं लंगडं. शिकारखान्यात ते मारून टाकणार हुते, तू धोतरात लपवून वाचवलंस, रेशम नाव ठेवलंस. चार दिवस राहिलास आमच्यात. चार दिवस बसू न् ते पिल्लू न् तू, मळ्यात काय करायचात ते तुम्हालाच ठाऊक. मला वाटलं भाचीला रमवायलास.

पाचव्या दिवशी सोप्यात सगळे बसले. सासू, सासरे, मालक, भावकीतले दोघं. मी दाराआड उभी. बसूला मधोमध बसवलंस, पाठ तुझ्याकडं. तिचा हात रेशमच्या मानंवर. म्हणालास, "पोरीला भ्याव वाटू नये म्हणून पिल्लू राहू द्या." तू बाहेर गेलास, भिंतीआड. आम्हाला काही ऐकू आलं न्हाई. आन् बसू वळली! गर्रकन वळून तिनं बरोबर तू हुतास त्या बाजूला बघितलं. तीनदा केलंस, तिन्ही खेपेला वळली. सासूबाईंनी कानशिलावर बोटं मोडली. मी दाराआड रडले, पदर तोंडात घालून.

मग तू आत येऊन निकाल दिलास. तुझा एकेक शब्द मला पाठ हाय. "हिचा कान तुमच्यापेक्षा तिखट हाय. तुम्हाला जे ऐकू येत न्हाई ते हिला ऐकू येतंय." मालकानं इचारलं, "मग हाक मारल्यावर कामून येत न्हाई?" तू एक क्षण थांबलास. तवाच माझ्या ध्यानात यायला पाहिजे हुतं. मग हसून म्हणालास, "हट्टी हाय. आईवर गेलीय."

सगळे हसले. मी बी हसले, अण्णा. माझा संसार वाचला हुता, मी कामून हसू नये? चिंचोळीची पोरगी दुसरीकडं दिली गेली. त्या रात्रीच्या जेवणात मी तुला हातानं पुरणपोळी वाढली, वर तूप वाढताना हात आखडला न्हाई. माझ्या सवतीला तू उंबऱ्याबाहेर थोपवलंस, हे मी मरेपर्यंत मानीन. पण 'हट्टी' म्हणालास! काहीबी म्हणायचं हुतंस. जीभ जड हाय म्हण, दृष्ट लागली म्हण, बाहेरचं हाय म्हण. हट्टी कामून म्हणालास?

हट्टी पोरीचं काय करतात आपल्यात, तुला ठाऊक न्हवतं व्हय?

पहिल्यांदा मी तिला मारलं तेव्हा ती चार वर्षांची हुती. चुलीजवळ येऊ नको म्हणून तीनदा वरडले, तरी आली. गालावर दिली. मग रोजचंच झालं. "बसू, पाणी आण." पाठमोरी बसलेली. "बसू!" न्हाई. "अगं ये भवाने!" न्हाई. मग पाठीत धपाटा, मग लाटणं. सासूबाई म्हणायच्या, "मामा नुसता फुंकतोय तर मळ्यातून पळत जाते, आन् तू घसा फोडायलीस तर बघत बी न्हाई. तुझाच वचक न्हाई." खरंच हुतं ते. तू निर्ण्याला आलास की वेशीवरून शिट्टी मारायचास. अंगणात बसलेली बसू उठून धावत सुटायची, रेशम पुढं, ती मागं. आम्ही म्हणायचो, दोघींना ऐकू येतंय. रेशम तिचा परकर दातात धरून वढायची ते कुणी बघितलं न्हाई. तू ते शिकवलं हुतंस पिल्लाला, त्या चार दिवसांत. शिट्टी वाजली की पोरीला वढून माझ्याकडं आण. सोप्यातबी तिच्या हाताखाली पिल्लाची मान वळली, म्हणून पोर वळली. काय डोकं चाललं तुझं! बहिऱ्या लेकराला तू चार पायांचे कान दिलेस आन् माझ्या डोळ्यांवर झापड बांधलीस, एकाच शिट्टीनं.

मला हेवा वाटायचा, सांगते. मी नऊ महिने पोटात वागवलेली पोर तुझ्या न ऐकू येणाऱ्या फुंकरीला पळते आन् माझ्या हाकेला पाठ करते. त्या हेव्याचेबी चार फटके तिच्या पाठीत पडले असतील.

मालक गेले पटकीत. दोन दिवसांत खेळ खलास. बसू पाच वर्षांची हुती. आता दुसरी करून आणायला कुणी उरलं न्हवतं. सासूसासऱ्यांनी मला काढून लावलं न्हाई, लेकीसारखं ठेवलं, तुला ठाऊक हाय. म्हणजे तुझ्या खोट्याचं काम संपलं हुतं. तू तेराव्याला माझ्याशेजारी बसला हुतास. तिथं सांगायचं. दुसऱ्या महिन्यात सांगायचं. न्हाई सांगितलंस.

आन् मग तो दिवस. बसू सहा वर्षांची. गोठ्यात गाय याली हुती, मी पोरीला म्हणाले दार लाव, वासरू बाहेर जाईल. ती बघतच न्हवती. वासरू गेलं, आडात पडलं, मेलं. सासूबाईंनी मला बोल लावला. मी घरात आले, उलथनं चुलीत घातलं, लाल केलं आन् तिच्या डाव्या दंडाला लावलं. हट्टीपणा जायला डाग देतात आपल्याकडं, मी काही नवं केलं न्हाई. ती वरडली. अय्यो शिवा, तो आवाज! माणसाचा न्हवता. तिनं स्वतःचा आवाज कधी ऐकलाच न्हवता, तिला काय ठाऊक कसं वरडायचं असतं.

दुसऱ्या दिवशी तू आलास. दंड बघितलास. तुझा चेहरा चुन्यागत पांढरा पडला. म्हणालास, "मादे, हे काय केलंस?" मी म्हणाले, "हट्ट मोडायले. तूच म्हणालास की हट्टी हाय." पिशवीतनं कुत्र्यांचं मलम काढलंस, तिच्या दंडाला लावलंस, चिंधी बांधलीस. मी समोर बसलेली. बसू तुझ्या मांडीवर. तुझ्या तोंडात ते वाक्य हुतं, अण्णा, मी आता डोळे मिटले की मला तुझे ओठ हलताना दिसतात. आन् तू म्हणालास, "पोरीला मारू नको," आन् उठून गेलास. बास? एवढंच? त्या दिवशी बोलला असतास तर पुढची तीन वर्षं तिची वाचली असती.

रेशमला मात्र सगळं कळत हुतं. मी हात उचलला की गुरगुरायची. एकदा मनगटाला धरलं, रक्त काढलं. मार खाल्ला की बसू तिच्या गळ्यात पडायची, माझ्याकडं पाठ करून. मी म्हणाले, या कुत्रीनंच पोर बिघडवलीय. निंबर्ग्याचे धनगर मेंढरं घेऊन चालले हुते, त्यांच्यातल्या म्हातारीला देऊन टाकली. "लंगडी का असंना, राखण करंल," म्हणाली. रेशम जाताना वळून वळून बघायली हुती. बसू आठ दिवस अंगणात, गोठ्यात, कणगीमागं हुडकत फिरली. मला बरं वाटलं. म्हटलं, आता माझी हाक ऐकंल.

येळवशीच्या अवसेला तू आम्हाला शेतात जेवायला न्यायला आलास. मी भज्जी शिजवायले हुते, आंबिलाची घागर भरून ठेवलेली. बसू दारातच, पाठमोरी, तुरी निवडत बसलेली. बघते तर तू उंबऱ्यात उभा, हातात शिट्टी, घामानं डबडबलेला.

"वाजवलीस व्हय?" मी इचारलं.

"वाजवली. वेशीवरून दोनदा."

"मग ही कामून उठली न्हाई?"

तू म्हणालास, "रेशम कुठाय?"

"दिली धनगरांना. तू वाजव की. इथं वाजव, तिच्या कानाशी."

तू वाजवली न्हाईस. मी तुझ्या हातातनं घेतली आन् मीच फुंकली, तिच्या पाठीमागं, हातभर अंतरावरून, छातीतला सगळा दम लावून. शेजारची दोन कुत्री आळीतनं भुंकत आली. बसू तुरी निवडत हुती. मग मी पेच ढिला केला, पार ढिला, आन् फुंकली. माझ्याच कानाचे पडदे फाटायची वेळ आली. बसूनं एक खडा काढून बाजूला टाकला.

तू खाली बसलास, चुलीपाशी, लहान पोरागत. म्हणालास, "मादे, ती बहिरी हाय. पहिल्यापासनं."

मी तुला मारलं. गालावर, जिथं तिला मारत हुते तिथंच. आन् तू गाल पुढंच ठेवलास, म्हणून आणिक मारलं. बसू तुरी टाकून भिंतीला चिकटून बघायली हुती. मग मी तुला म्हणाले, "माझ्या उंबऱ्यावर पाय ठेवलास तर मढं बघशील माझं." तू गेलास. भज्जी करपली. त्या येळवशीला आमच्यात कुणी जेवलं न्हाई.

त्या दिवसापासनं मी पोरीवर हात उचलला न्हाई. एकदाबी न्हाई. हे तुला कुणी सांगितलं का? पण तिच्याशी बोलले बी न्हाई. कसं बोलायचं? तू तिला हातांची बोली शिकवत आला हुतास, मळ्यात, इतकी वर्षं. ओठांवर दोन बोटं म्हणजे तू, शिट्टीवाला मामा. एवढं मला कळायचं, कारण दर बाजाराच्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन ओठांवर दोन बोटं ठेवायची आन् रस्त्याकडं हात करायची. मी तिला आत कोंडायचे. तू बाजारात घाण्यापाशी उभा राहतोस म्हणून सांगायचे लोक. उभा राहा म्हटलं. चार वर्षं उभं केलं तुला. तू निंबर्ग्यालाबी जाऊन आलास, रेशमला तरस घेऊन गेलं म्हणून कळलं तुला, ते वहिनीनं मला परवा सांगितलं.

आन् मग तुझ्याच हातचं कुत्रं तुला चावलं. वहिनी म्हणत हुती, हैदराबादेला जा, सुया घेऊन ये. तू म्हणालास, "माझ्या हातानं वाढवलेलं हाय, ते कुठलं पिसाळतंय." सगळ्या राज्यातला शहाणा माणूस! दुसऱ्यांचे कान मोजत फिरलास आन् घरचं कुत्रं वळखू आलं न्हाई तुला.

निरोप आला तसं मी बसूला घेऊन निघाले. आठ मैल चालत. वाटंनं सगळं मनात जुळवत आले हुते, चार वर्षांचं साठलेलं. सांग म्हणणार हुते, मालक मेल्यावर कामून बोलला न्हाईस. सांग, डाग बघून कामून बोलला न्हाईस. मरायला टेकलेल्याला इचारू नये म्हणतात, मी इचारणारच हुते.

वहिनी दारातच आडवी आली, ओठांवर बोट. हातातल्या बांगड्या चिंधीनं गुंडाळलेल्या, किणकिणू नयेत म्हणून. कानात कुजबुजली, "बोलू नका वन्स. शब्द निघाला की झटका येतोय. भांडं वाजलं, दार करकरलं तरी येतोय. पाणी नको, वारा नको, आवाज तर बिलकुल नको." आत तुला बाजेला बांधलेलं. उजवा हात तेवढा मोकळा. एक पाकोळी माळवदाला लटकलेली हुती, तू तिच्याकडं बघून दचकायचास. तुला ती ऐकू यायली हुती का अण्णा? आम्हाला न येणारं सगळं तुला त्या दोन दिवसांत ऐकू यायलं हुतं का?

तू मला दारात बघितलंस. 'मादे' म्हणायला तोंड उघडलंस आन् तुझ्याच आवाजानं तुझं अंग धनुष्यागत वाकलं. मी बाहेर पळाले. चार वर्षं जुळवलेलं सगळं तोंडातच राहिलं.

बसू आत गेली. तिला कोण अडवणार, तिच्या पायांचाबी आवाज न्हवता. वहिनीनं खुणेनं दाखवलं तिथं, चार हात लांब, बसली. तू शांत झालास. मग तुमचं बोलणं सुरू झालं. दाराच्या फटीतनं मी बघत हुते. तू हात हलवायचास, ती हलवायची. एकदा ती हसली. माझ्या लेकीला हसताना मी किती वर्षांनी बघितलं! घरात आवाज नको म्हणून वहिनीला रडताबी येईना, आन् तुम्ही दोघं निवांत बोलायलात. मग तू दाराकडं बोट केलंस, माझ्याकडं. मग पंजा उघडलास, वर उचललास आन् हळूच छातीवर टेकवलास. बसूनं माझ्याकडं बघितलं. तुझ्याकडं बघितलं. मान हलवली. न्हाई. तू परत तेच केलंस, बोट, पंजा, छाती. तिनं परत मान हलवली. मग तू डोळे मिटलेस. पुन्हा तो हात उचलला न्हाईस.

तुला बसवलं तेव्हा तोंडावरनं त्रास गेलेला हुता. मला ते बी खटकलं.

वहिनीला मी तिसऱ्या दिवशी इचारलं, तो मला कामून बोलला न्हाई. ती म्हणाली, "मी शंभरदा म्हणाले, सांगून टाका. म्हणायचे, आता सांगितलं तर मादी आपल्या हाताकडं बघंल आन् आडात उडी घेईल. मला भैन पाहिजे." असं म्हणायचास? म्हणजे दुसऱ्यांदाबी तू मलाच वाचवायलास. पहिल्या खेपेला सवतीपासनं, दुसऱ्या खेपेला माझ्यापासनं. आन् दोन्ही खेपेला मार त्या लेकराच्या अंगावर पडू दिलास. इतकी माया कुणी करू नये रे कुणावर. मी जिवंत हाय, अण्णा, तू म्हणालास तशी. आडाजवळनं रोज पाणी आणते. आपल्या हाताकडं बघते.

तू दोनदा काय इचारलंस तिला? वहिनीला त्या खुणा येत न्हाईत. जगात ते एकट्या बसूला ठाऊक हाय, आन् ती मला सांगणार कशी, मी एक खूण शिकले न्हाई. परवापासनं माझा जीव त्यातच गुतलाय. म्हणून काल दुपारी मी ठरवलं, इचारायचं. चुलीपुढं बसली हुती ती, भाकरी भाजायली हुती. तेरा वर्षांची झालीय, माझ्यापेक्षा गोल करते भाकरी. मी समोर बसले. ओठांवर दोन बोटं ठेवली. तिनं चमकून बघितलं. मी ती खूण कधीच केली न्हवती. तिचे डोळे भरून आले, तिनंबी दोन बोटं ओठांवर ठेवली. मला धीर आला. मग मी माझ्याकडं बोट केलं, जसं तू केलं हुतंस. तिला कळलं. ती थांबून बघायली हुती. मग मी पंजा उघडला आन् वर उचलला.

तिनं हातातली भाकरी टाकली. एक हात गालावर, एक हात दंडाच्या डागावर, आन् मान खाली घालून, डोळे घट्ट मिटून बसून राहिली. मी हात तसाच धरून ठेवला, छातीवर आणायचं मला सुचलंच न्हाई. तव्यावरची भाकरी जळायली हुती.

आईचा उगारलेला हात पोटात घालशील का, हेच तू तिला इचारलंस, ते मला आता कळलंय, अण्णा. आन् ती न्हाई कामून म्हणाली, तेबी.